ख्रिसमसचा डबा तोच, मग चॉकलेटं कमी का? समजून घ्या कोकोच्या भावाची गोष्ट

ब्रिटनमध्ये नाताळच्या खरेदीची यादी वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही. सुक्या मेव्याच्या सारणाचे मिन्स पाय, ख्रिसमस पुडिंग, शेरी किंवा बेलीजची बाटली आणि चॉकलेटांचा एक मोठा डबा. हा डबा टीव्हीसमोर ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात हात घालून आपल्या आवडीच्या रंगाचं चॉकलेट शोधायचं. आपल्याकडे दिवाळीत फराळाचं ताट पुढे केलं जातं, तसा तिकडे हा डबा पुढे केला जातो. इंग्लंडला राहणाऱ्या नातेवाइकांमुळे यातला ‘क्वालिटी स्ट्रीट’चा जांभळा डबा महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत येऊन गेलेला आहे.

२०२५च्या नाताळात या डब्याचं वजन पुन्हा कमी झालंय. आणि याच सुमारास ब्रिटनमधल्या काही लोकप्रिय बिस्किटांना स्वतःला ‘चॉकलेट’ म्हणवून घेणं बंद करावं लागलंय. हे का झालं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?

नेमकं काय बदललं?

क्वालिटी स्ट्रीट १९३६ साली इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात सुरू झालं. आज हा ब्रँड नेस्ले कंपनीकडे आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नाताळात मिळणारा त्याचा मोठा डबा किलोभराचा असायचा. पुढे तो पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचा झाला आणि वजन उतरत गेलं. अलीकडच्या वर्षांत आधी ६५० ग्रॅम, मग ६०० ग्रॅम आणि २०२५ मध्ये ५५० ग्रॅम. शेवटच्या ५० ग्रॅमचा हिशोब केला, तर डब्यातून पाच-सहा चॉकलेटं गेली.

हे एकाच कंपनीनं केलेलं नाही. जर्मनीत मिल्का चॉकलेटची वडी १०० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आली. वेष्टन तेच, लांबी-रुंदी तीच, वडी फक्त किंचित पातळ झाली. २०१६ मध्ये टोब्लरोननं ब्रिटनमध्ये त्रिकोणी डोंगरांमधलं अंतर वाढवून ४०० ग्रॅमची वडी ३६० ग्रॅमची केली होती. तेव्हा समाजमाध्यमांवर मीम्सचा पाऊस पडला होता.

या प्रकाराला ‘श्रिंकफ्लेशन’ म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर किंमत जवळपास तीच ठेवायची (कधीकधी तीही वाढवायची) आणि माल कमी द्यायचा.

दुसरा बदल पाककृतीतला आहे. ब्रिटनमध्ये ‘मिल्क चॉकलेट’ हे नाव लावायचं तर त्यात किमान २० टक्के कोकोचे घटक असावे लागतात. मॅकव्हिटीजची ‘पेंग्विन’ आणि ‘क्लब’ ही बिस्किटं या नियमाच्या बाहेर गेली, कारण त्यांच्या आवरणात कोको कमी करून पामतेल आणि शिया तेल वाढवण्यात आलं. त्यामुळे आता वेष्टनावर ‘चॉकलेटच्या चवीचं’ असं लिहावं लागतं. नेस्लेच्या ‘टॉफी क्रिस्प’ आणि ‘ब्लू रिबँड’ यांचंही तेच झालं.

थेट किंमत का वाढवत नाहीत?

कारण किंमत आपल्या लक्षात राहते, वजन राहत नाही. दूध किंवा पाव आपण रोज घेतो, त्यामुळे फरक लगेच कळतो. नाताळचा डबा वर्षातून एकदाच घेतला जातो. गेल्या वर्षी त्यात किती ग्रॅम होते, हे कोण लक्षात ठेवणार?

शिवाय हा डबा बहुतेकदा भेट म्हणून दिला जातो. भेटवस्तू घेताना आपण ‘एवढ्यात काय येईल’ असा विचार करतो. ती रक्कम ओलांडली तर गिऱ्हाईक दुसरं काहीतरी उचलतं. मोठ्या सुपरमार्केटांमध्ये तर डिसेंबरात हे डबे सवलतीत विकण्याची चढाओढ असते. त्यामुळे कंपनीला वाढलेला खर्च किमतीत दाखवण्यापेक्षा वजनात लपवणं सोयीचं पडतं.

कोको इतका महाग का झाला?

कित्येक वर्षं कोकोचा जागतिक भाव टनाला २ ते ३ हजार डॉलरच्या दरम्यान होता. एप्रिल २०२४ मध्ये तो ११ हजारांच्या वर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १२ हजार डॉलरच्याही वर जाऊन विक्रम झाला.

जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांत पिकतो. तिथे २०२३ मध्ये आधी अतिवृष्टी झाली. त्यामुळे शेंगा काळ्या पडून कुजण्याचा रोग पसरला. पाठोपाठ एल निनोमुळे कोरडं हवामान आलं. त्यात ‘स्वोलन शूट’ नावाच्या विषाणूजन्य रोगाची भर. या रोगावर औषध नाही, झाड तोडून टाकावं लागतं. घानामध्ये बेकायदा सोन्याच्या खाणींनी कोकोच्या बागाच गिळल्या. २०२३-२४ च्या हंगामात जगाला जवळपास ५ लाख टन कोको कमी पडला.

पण हवामान हे तात्कालिक कारण झालं. मूळ दुखणं जुनं आहे. तिथल्या बहुतांश बागा लहान शेतकऱ्यांच्या आहेत आणि झाडं म्हातारी झालेली आहेत. नवं झाड लावलं तर फळ धरायला तीन ते पाच वर्षं लागतात. तोवर घर कसं चालवायचं? अनेक वर्षं भाव इतका कमी मिळाला, की खत, फवारणी आणि नवी लागवड यांसाठी हातात पैसाच उरला नाही. स्वस्त चॉकलेटच्या काळात जी बाग दुर्लक्षित राहिली, तिचंच बिल २०२४ मध्ये आलं.

मग भाव वाढल्यावर शेतकरी श्रीमंत झाला का?

कांद्याचे भाव कडाडतात तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याकडे विकायला कांदा उरलेला असतोच असं नाही, हे आपण पाहिलेलं आहे. कोकोची गोष्ट थोडी वेगळी, पण परिणाम तोच.

आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये हंगामाच्या सुरुवातीला सरकार कोकोचा भाव जाहीर करतं. आपल्या हमीभावासारखंच वाटेल, पण फरक मोठा आहे. आपला हमीभाव ही खालची मर्यादा मानली जाते. बाजार वर गेला तर शेतकरी जास्त दराने विकू शकतो. तिथे जाहीर झालेला भाव हाच भाव. बाजार कितीही चढला तरी शेतकऱ्याला तेवढेच मिळतात. हा भाव आधी ठरवता यावा म्हणून सरकारी यंत्रणा पिकाचा मोठा हिस्सा महिने-महिने आधीच विकून ठेवतात.

यामुळे मार्च २०२४ च्या अखेरीस जागतिक भाव टनाला १० हजार डॉलरपर्यंत पोहोचला, तेव्हा आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याचा सरकारी भाव होता किलोला १,००० सीएफए फ्रँक. म्हणजे टनाला साधारण १,६५० डॉलर! साहजिकच कोकोची पोती रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून शेजारच्या देशांत जाऊ लागली. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये अशी सरकारी बांधणी नाही. तिथल्या शेतकऱ्याला बाजारभाव थेट मिळाला आणि त्यानं लागवड वाढवली.

पुढे आयव्हरी कोस्टनं भाव टप्प्याटप्प्यानं वाढवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो किलोला २,८०० फ्रँक झाला. म्हणजे दोन वर्षांत जवळपास तिप्पट.

आता कोको उतरलाय, मग चॉकलेट स्वस्त का नाही?

२०२५ मध्ये पाऊस सुधारला, दुसऱ्या देशांतून पुरवठा वाढला आणि महागाईमुळे मागणीही घटली. वर्षअखेरीस कोको टनाला ६ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे विक्रमी भावाच्या निम्म्यावर आला.

तरीही २०२५ च्या नाताळातला डबा हलकाच होता. याचं एक कारण रास्त आहे. कंपन्या कोको कित्येक महिने आधी करार करून घेतात. नाताळचा माल उन्हाळ्यापासूनच तयार होऊ लागतो. म्हणजे त्या नाताळात खाल्लं गेलेलं चॉकलेट भाव चढा असताना घेतलेल्या कोकोचं होतं.

दुसरं कारण गिऱ्हाइकाच्या सवयीत आहे. ५५० ग्रॅमचा डबा त्याच उत्साहानं विकला गेला, तर कंपनीनं ६०० ग्रॅमवर परत का जावं? कमी कोकोची पाककृती लोकांनी मुकाट्यानं खाल्ली, तर जास्त कोकोची का आणावी? कच्चा माल महागल्याचा फटका डब्यापर्यंत लवकर पोहोचतो, स्वस्त झाल्याचा फायदा मात्र वाटेत रेंगाळतो. बाजारात पुरेशी स्पर्धा असेल किंवा गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, तरच तो पुढे सरकतो.

फ्रान्सनं यावर एक साधा उपाय केला. जुलै २०२४ पासून तिथल्या मोठ्या दुकानांना, वजन कमी होऊन दर वाढलेल्या वस्तूजवळ तसा फलक दोन महिने लावावा लागतो. किमती त्यामुळे कमी होत नाहीत, पण निदान लपवाछपवी संपते.

भारतात काय चित्र आहे?

आपल्याकडे हा खेळ वेगळ्या पद्धतीनं चालतो. ५, १० आणि २० रुपयांची पाकिटं ठरलेली असतात. सुट्या पैशांच्या व्यवहारात ११ रुपयांचं चॉकलेट खपत नाही. त्यामुळे महागाई आली की छापील किंमत तशीच राहते आणि ग्रॅम कमी होतात.

भारतातही कोको पिकतो. आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून तो घेतात. २०२४ च्या उन्हाळ्यात केरळमध्ये सुक्या बियांचा भाव किलोला हजार रुपयांपर्यंत गेला होता आणि नंतर तो तितक्याच वेगानं घसरला. देशातलं उत्पादन कारखान्यांना पुरत नाही, आयात करावीच लागते. म्हणून आफ्रिकेतल्या पावसाचा फटका आपल्या किराणा दुकानापर्यंत येतो.

२०२५ मध्ये एक दिलासा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट, केक आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे करकपातीचा फायदा मिळाला की नाही हे पाहताना छापील किंमत आणि ग्रॅम दोन्ही तपासायला हवेत.

खरेदी करताना काय पाहाल?

• प्रति ग्रॅम दर : भारतात पाकिटावर छापील किमतीसोबत प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर लिहिणं आता बंधनकारक आहे. छोटी अक्षरं असतात, पण दोन पाकिटांची खरी तुलना तिथेच होते.

• घटकांची यादी : जो घटक सर्वात जास्त, तो यादीत पहिला. कोको बटरऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट वर दिसलं, तर ते ‘कंपाउंड’ आहे. भारतीय नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरव्यतिरिक्त वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंतच चालते.

• घरगुती चॉकलेटं : नाताळात साच्यातली चॉकलेटं विकणारे अनेक घरगुती व्यावसायिक कंपाउंडची लादी वापरतात. ती वितळवायला सोपी आणि बरीच स्वस्त असते. त्यात गैर काही नाही, पण भाव खऱ्या चॉकलेटचा लावला जात असेल तर विचारायला हरकत नाही.

पुढे काय?

खरा प्रश्न पुढच्या हंगामाचा आहे. आयव्हरी कोस्टचा २,८०० फ्रँकचा भाव टनाला साधारण ५ हजार डॉलर होतो, म्हणजे २०२५ च्या अखेरीस तो जागतिक भावाच्या अगदी जवळ होता. बाजार त्याहून खाली गेला, तर एवढा भाव देणं तिथल्या सरकारला अवघड होतं. भाव पुन्हा कापला गेला, तर म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी रोपं लावायला शेतकरी धजावणार नाही, आणि काही वर्षांनी हाच तुटवडा परत येईल. चॉकलेट खाणाऱ्यांना कोको स्वस्त झाल्याचा आनंद होणं स्वाभाविक आहे. मात्र मागच्या वेळी डबा हलका होण्याची सुरुवात अशाच स्वस्ताईतून झाली होती.