गाडीचं वळण

परवा भाचा संगणकावर जुन्या मोटारींची फिल्म दाखवत होता. जॅग्वारची ई-टाइप. लांबलचक नाक, मागे गोलसर उतार. मोटारींतलं मला काही कळत नाही, तरी बघतच राहिले. तेवढ्यात निवेदक म्हणाला, ‘हिची कंबर पाहा!’ भाचा हसला. माझ्या लेकीनं मात्र नकळत ओढणी सारखी केली. देवघरातून सासूबाई म्हणाल्या, ‘हे काय बघताय रे? शोभतं का देवाच्या घरात?’

मला वाटलं, गाडीत न शोभण्यासारखं आहे तरी काय? ही गाडी १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यात काम केलेले. वारा अंगावरून सरळ निघून जावा म्हणून गणितं मांडून त्यांनी ती वळणं काढली. त्यात कंबर बघणाऱ्यानं घातली. एकानं कौतुकानं, दुसऱ्यानं पाप म्हणून. नजर दोघांची एकच!

बरं, सगळ्या गाड्यांचं असं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकच्या पुढच्या बंपरवर दोन टोकदार गोळे असायचे. लोकांनी त्यांना टीव्हीवरच्या डॅग्मार नावाच्या नटीचं नाव दिलं. का, ते सांगायला नको. गाडी विकली कंपनीनं, चेष्टा झाली बाईची.

धर्माच्या नापसंतीचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट लोकांचं मला नवल वाटतं. साधेपणानं राहणं हाच त्यांचा धर्म. १९२७ मध्ये लँकेस्टर भागात मोटारीवरून त्यांच्यात फूट पडली. एक गट घोडागाडीवरच राहिला. दुसऱ्यानं मोटार घेतली, पण काळी, आणि चकचकीत क्रोमचा बंपरसुद्धा काळ्या रंगानं रंगवायचा. मिरवणं नको म्हणून. त्यांच्या बायकांना पोशाखाची बंधनं आहेतच, मी काही त्यांची भलामण करत नाही. पण मोटारीचा मोह होतो तर ब्रश मोटारीवरच फिरवला, एवढं मला पटलं.

नाही तर सौदी अरेबिया बघा. नोव्हेंबर १९९० मध्ये रियाधमध्ये ४७ जणींनी गाड्या चालवल्या, तर सरकारी नोकरीतल्यांना निलंबित केलं आणि बाईनं गाडी चालवू नये असा फतवाही निघाला. गाडी कितीही देखणी असली तरी चालेल, फक्त स्टिअरिंगवर बाई नको! ती बंदी उठायला जून २०१८ उजाडावं लागलं.

आपल्याकडे वळण लावायचं ते मुलीलाच. बघणाऱ्याच्या डोळ्यांना कुणी लावत नाही. म्हणून मी सासूबाईंना काही न बोलता आधी भाच्याला त्या हसण्याबद्दल दटावलं. मग त्यांना सांगितलं, ‘अहो आई, २००८ पासून ही जॅग्वार टाटांची आहे.’ टाटा म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. चष्मा लावून बघायलाही आल्या.

लेक इतका वेळ गप्प होती. तिनं भाच्याला विचारलं, ‘पळते किती?’

‘तासाला दीडशे मैल म्हणायचे. म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर.’

‘मग ते सांगायचं ना आधी,’ ती म्हणाली.