चार वह्या, एक मिठागर

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या सातवीच्या वर्गाने भूगोलात भरती-ओहोटी, विज्ञानात बाष्पीभवन, गणितात प्रमाण आणि इतिहासात मिठाचा सत्याग्रह यांचा अभ्यास केला. वह्या चार झाल्या. परंतु विषय खरोखरच इतके वेगळे आहेत काय?

गोव्यातील खाडीकाठच्या मिठागरात ते एकत्र नांदतात. बांधाची 'मानस', म्हणजे पाण्याचे दार, उघडून भरतीचे पाणी आत घेतात. उन्हाने ते आटते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग किलोभर मिठाला पाणी किती लागेल? आणि याच मिठासाठी १९३० साली गोव्याच्या सीमेलगत शिरोडे येथे सत्याग्रह झाला.

'मानस' हा शब्द वर्गात एका मुलास ठाऊक होता. पण घरच्या कोंकणीतला म्हणून तो गप्प राहिला. दोष त्याचा नव्हे, आमचा. पुस्तकात नाही ते ज्ञान नव्हे, हा समज आम्ही शिक्षकांनीच रुजविला.

पालकहो, मुलांना केवळ गुण विचारू नका. शिकलेले कोठे पाहिले, तेही विचारा. गोव्यातील मिठागरे कमी होत चालली आहेत. त्यांच्याबरोबर हे शब्दही जाण्यापूर्वी मुलांना तेथे एकदा अवश्य न्या.