सर्व्हर डाऊन आणि लाखेची थैली

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ शिरूर काय नि दौंड काय, आपल्याकडे हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येणारं मराठी वाक्य हेच असावं. (त्यातले दोन शब्द मराठी नाहीत, ते सोडा.) रेशन दुकानात अंगठा लावताना ऐकू येतं, मुलांचे दाखले काढताना ऐकू येतं आणि नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला देताना तर हमखास. माणूस समोर धडधडीत उभा असतो. पण तो जिवंत असल्याची बातमी पलीकडच्या यंत्राला याच क्षणी पोचत नाही, म्हणून त्याने उद्या पुन्हा जिवंत राहून यायचं!

दोष रेंजचा, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. पाऊस आला, वीज गेली, रस्ता खोदताना केबल तुटली की रेंज जाणारच. दोष हा की व्यवस्था रचणाऱ्यांनी रेंज कधीच जाणार नाही असं धरून ती रचली. याच्या उलट, रेंज जाणार हे पहिल्यापासून पक्कं ठाऊक असलेल्या लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे.

हे लोक म्हणजे अवकाशवाले. पृथ्वीवरून मंगळापर्यंत निरोप पोचायला साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात. तेवढ्यात यान मंगळाच्या पलीकडे गेलं की बोलणंच बंद. आपलं नेहमीचं इंटरनेट म्हणजे टेलिफोनवरच्या गप्पा; दोन्ही टोकं जागी हवीत आणि ‘हं, ऐकतोय’ असं लगेच म्हणायला हवीत. मंगळाशी अशा गप्पा होणं शक्य नाही. म्हणून इंटरनेटच्या जनकांपैकी एक विंट सर्फ आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतली मंडळी १९९८ पासून वेगळ्या जाळ्याच्या मागे लागली. त्याचं नाव ‘डिले टॉलरंट नेटवर्क’. मी त्याला उशीर सोसणारं जाळं म्हणतो. नासाचा ‘पेस’ हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला, तो आपली माहिती याच पद्धतीने खाली पाठवतो.

पद्धत साधी आहे. निरोपाचं एक बंडल बांधायचं (त्यांचाही शब्द ‘बंडल’च आहे, मला फार आवडला). ते जवळच्या टप्प्यावर द्यायचं. टप्प्याने ते सांभाळायचं, आणि पुढच्या टप्प्याशी गाठ पडली की त्याच्या हवाली करायचं. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. पुढचा टप्पा कोण, त्याची गाठ किती वाजता पडणार, तोवर किती बंडलं ठेवायला जागा आहे आणि एखादं बंडल किती दिवसांनी शिळं समजून टाकून द्यायचं. म्हणजे चक्क गाड्यांचं वेळापत्रक आणि मालाची कोठी!

दौंडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती अशा चार वाटा तिथे फुटतात. आमच्या शिरूरला (जुन्या लोकांच्या तोंडी अजून घोडनदी) रेल्वे नाहीच. पण दोन्ही गावांची पत्रं वर्षानुवर्षं अशाच टप्प्याटप्प्याने गेली. एका दिशेच्या पत्रांचं बंडल, वर चिठ्ठी, बंडलं थैलीत, थैलीच्या तोंडाला दोरी आणि लाखेचं सील. रेल्वेच्या टपाल डब्यात धावत्या गाडीत वाटणी चालायची. ज्या थैलीवर पुढच्या गावाचं नाव, ती मधे कुणी फोडायची नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्यामागे डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं, आपल्या मराठी माणसाचं. शिरूरचा पिन ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. एकाच जिल्ह्यातले शेजारी तालुके, पण तिसरा आकडा वेगळा, कारण तो आकडा टपाल कुठे वाटलं जायचं ते सांगतो. दौंडचे पहिले तीन आकडे सोलापूरचेच आहेत. पत्ता जिल्ह्याच्या नकाशावर नव्हे, थैलीच्या वाटेवर बेतलेला.

ही बंद थैली अवकाशवाल्यांनीही घेतली आहे. वाटेतला एखादा पट्टा बेभरवशाचा असेल तर आलेलं बंडल न उघडता दुसऱ्या बंडलात घालायचं. बाहेरच्यावर फक्त त्या पट्ट्याच्या पलीकडच्या टप्प्याचा पत्ता. तिथे पोचलं की वरचं सोडायचं, आतलं आपल्या मूळ पत्त्यावर पुढे चालू लागतं. याचा मोठा उपयोग जबाबदारी बांधून घेण्यासाठी. पलीकडून ‘मिळालं, आता माझ्याकडे’ अशी पोच येईपर्यंत अलीकडचा टप्पा आपली प्रत सोडत नाही; पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. टपालखात्याला पत्राची प्रत ठेवता येत नव्हती, यंत्राला येते, एवढाच फरक.

गंमत अशी, की २००७ च्या नियमांत ही ताबा घेण्याची सोय मूळ पद्धतीतच होती. जानेवारी २०२२ मध्ये नियम नव्याने लिहिले तेव्हा ती मूळ भागातून काढली आणि बंडलात बंडल घालण्याच्या वेगळ्या पद्धतीकडे सोपवली. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि रजिस्ट्रेशन ही वर पैसे भरून घ्यायची सोय झाली. दोन्हीकडे जबाबदारी ऐच्छिक! यंत्रांच्या बाबतीत त्याला कारणं असतील. प्रत्येक निरोपाला पोच हवीच असं नाही. पण हयातीच्या दाखल्याला हवी.

नुसतं सांभाळून ठेवण्याचं मोल आपल्याच जिल्ह्यात कळलं होतं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं श्यापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं, आणि नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणी त्याची क्षीण हाक ऐकत होत्या. उतरायच्या जरा आधी हाक बंद झाली. यान आपटून फुटलं. पण त्याने उतरताना पाठवलेली माहिती मंगळाजवळच्या मातृयानाने साठवून घेतली होती, ती मागाहून पृथ्वीवर पाठवली. यान का आपटलं हे त्यावरून शोधता आलं. पाठवणारा उरला नाही, निरोप उरला.

हे खेड्यात परवडेल का? २००३-०४ च्या सुमारास कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात ‘डाकनेट’ नावाचा प्रयोग झाला. बसमध्ये एक पेटी. बस गावातून गेली की गावातल्या संगणकाने जमिनीच्या नोंदींचे अर्ज तिच्यात बिनतारी टाकायचे. बस शहराजवळ आली की पेटीने ते इंटरनेटवर सोडायचे. बसला जमलं ते आपल्या कार्यालयातल्या चांगल्या संगणकाला का जमू नये?

यावर एक आक्षेप खरा आहे. रेशनचं यंत्र लगेच पडताळत नसेल तर एकाच कार्डावर दोनदा धान्य जाईल. जाईल कधीतरी. पण नोंद यंत्रात सीलबंद राहिली आणि रेंज आल्यावर वर गेली तर दुसरी खेप लगेच उघडी पडेल, पुढच्या महिन्यात वळती करता येईल. रिकाम्या पिशवीने परत गेलेल्या म्हातारीची खेप कशात वळती करणार? बँकेतून पैसे काढणं, रुग्णवाहिका बोलावणं यांना उशीर चालत नाही, ते वेगळं ठेवा. दाखले, अर्ज, हजेरी, हयाती यांना एक रात्र सहज चालते.

एका कार्यालयात माझ्यापुढे रांगेत एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, रिक्षा करून आलेल्या. तिसरी खेप होती त्यांची. त्यांचा अंगठा त्या दिवशी यंत्राने घेतला होता, फक्त पुढे जात नव्हता. तेवढ्यावर त्यांना एक चिठ्ठी द्यायला काय हरकत होती? तारीख, वेळ, नंबर, आणि ‘अंगठा मिळाला, पुढे पोचवण्याची जबाबदारी या कार्यालयाची’. मग तो अंगठा रात्री दोन वाजता मुंबईला गेला असता, नाहीतर परवा. आजी घरी जाऊन जेवल्या असत्या.