न दिसणारी अडखळ

कॉफी हवी असताना चहा मागवणारी माणसं असतात. वेटर समोर उभा, ‘क’ घशात अडकलेला. मग जीभ सोपा शब्द पुढे करते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून फोनवर ओळख सांगताना घाम फुटतो. या अंकाचा विषय हा तोतरेपणा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोष आहे, पण तो कायमस्वरूपी आणि शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांमुळे आलेला हवा. बहुतेक तोतऱ्यांना त्यात बसवणं कठीण. आपण तर ‘गोलमाल ३’ या चित्रपटातल्या तोतऱ्या लक्ष्मणला खदखदून हसतो आणि मुलाखतीत अडखळणाऱ्यावर ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मारतो. (‘सावकाश बोल’ हा सल्ला फुकट.) त्याचं वाक्यही आपणच पूर्ण करतो, बहुधा चुकीचं.