पुढच्या तपासणीला मनाचंही सांगा

घरात, नात्यात किंवा शेजारी कोणाला पार्किन्सन्स असेल, तर हे पत्रक "नंतर वाचू" म्हणून बाजूला ठेवू नका. विनंती एकच आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा हातापायांबरोबर मनाचंही सांगा. पुढची तारीख दोन-तीन महिन्यांवर असेल आणि माणूस आत्ताच गप्प गप्प होत चालला असेल, तर तारखेची वाटही बघू नका.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर विचारतात, "काय आजोबा, कसं काय?" आणि उत्तर आजी देतात किंवा मुलगा देतो. "कंप जरा कमी आहे, पण चालताना अडतात." मग बोटं जुळवायला लावतात, मनगट फिरवून बघतात, दारापर्यंत चालवतात, गोळ्यांच्या वेळा बदलून देतात आणि पुढचा नंबर आत येतो. पहाटे तीनला उठून बसणं, पेपर न उघडता तसाच ठेवून देणं, नातवंडं आली तरी मान वर न करणं, यातलं काहीच निघत नाही. रुग्णाला वाटतं, हे काय डॉक्टरांना सांगायचं! घरच्यांना वाटतं, एवढं दुखणं मागे लागल्यावर माणूस खचणारच.

पण हे खचणं आजाराचाच भाग असू शकतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि मनाची उभारी सांभाळणारी सेरोटोनिनसारखी रसायनंही त्या तडाख्यातून सुटत नाहीत. म्हणून तर काहींना हात थरथरायच्या कितीतरी आधी नैराश्य किंवा चिंता सुरू झालेली असते. साधारण दहातल्या तीन-चार रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसतात. जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या अभ्यासांत तर कंपापेक्षा नैराश्यच माणसाला जास्त खाली ओढतं, असं वारंवार आढळलंय. 1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं नोंदवलं होतं. त्यानंतर बराच काळ वैद्यकाचं लक्ष स्नायूंवरच खिळून राहिलं. आपलं, घरच्यांचं लक्ष अजूनही तिथेच आहे.

त्यात चेहरा दगा देतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे आनंद झाला तरी उमटत नाही आणि दुःखही उमटत नाही. "बाबा रुसलेत", "सासूबाईंना काही कौतुकच नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. तेव्हा चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, विचारा. झोप कशी लागते? कशात मन रमतं का? जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, ही भीती सोडा. उत्तर "हो" आलं तर त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची टिपणं न्या: गोळी किती वाजता घेतली, जीव कधी घाबराघुबरा झाला, कधी बरं वाटलं. गोळीचा असर उतरताना पुष्कळांना अचानक धास्ती वाटते. ती वेळ कागदावर दिसली की डॉक्टरांना उपाय करता येतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर पार्किन्सन्सच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, कारण काही औषधं एकमेकांशी जुळत नाहीत. आणि कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट लाजेपोटी घरातच दाबली जाते. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांमुळे एखाद्याला जुगाराचा, खरेदीचा किंवा लैंगिक वागण्याचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस मोबाइलवर रमीत पैसे घालवू लागतो आणि "म्हातारपणी हे काय सुचलं" म्हणून घरात भांडणं पेटतात. त्या माणसाला बोल लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध बदललं की हे बहुतेकदा आटोक्यात येतं.

बाहेरच्यांनाही सांगायचंय. पंगतीत वरण सांडेल म्हणून लग्नाला न जाणारी, चहाचा कप खुळखुळतो म्हणून कोणाकडे न बसणारी कितीतरी माणसं आहेत. त्यांना कप अर्धाच भरून द्या आणि टक लावून बघू नका. बँकेतल्या मंडळींनो, या आजारात अक्षर बारीक होत जातं, सही जुळत नाही. खातेदाराला चारचौघांत पाच-पाच वेळा सही करायला लावू नका. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी साक्षीदारांसमोर अंगठ्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे. पार्किन्सन्स 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, म्हणजे ही मेहरबानी नव्हे.

सांभाळणाऱ्याचं काय? रात्री चार वेळा कूस बदलून द्यायला उठणाऱ्या बायकोला, सुनेला कोणी विचारत नाही. महिन्यातून एक दुपार तिच्या जागी बसा. नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हणून जाऊ नका. ती सांगणार नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी कित्येक वर्षं रुग्णांना एकत्र आणतायत. पुण्यात नर्तक ऋषिकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही घेतले. चालताना पाय जमिनीला चिकटतात, तेच पाय तालावर उचलले जातात! पण लहान गावांत असं ठिकाण सहसा नसतं. म्हणून गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती: महिन्यातून दोन तास एक खोली द्या. तळमजल्यावरची, हाताशी संडास असलेली, टेकायला हात असलेल्या खुर्च्यांची. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची धरा, तेव्हा पुष्कळांना गोळी लागू पडलेली असते. पहिल्या वेळी दोघंच आले तरी खोली बंद करू नका, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी पुढच्या वेळी रिक्षा पाठवा.