विश्लेषण : दहा वेळा विजेते ठरलेले पथक बंद का पडते? अमेरिकेतील ‘ड्रम कोअर’चे बिघडलेले गणित

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘द कॅडेट्स’ या संस्थेने कामकाज थांबवत असल्याचे आणि दिवाळखोरीचा अर्ज करत असल्याचे जाहीर केले. न्यू जर्सीतील गारफिल्ड गावात १९३४ साली चर्चच्या आश्रयाने सुरू झालेल्या या ड्रम कोअरच्या नावावर राष्ट्रीय स्पर्धेची दहा विजेतेपदे होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियातील ‘सांता क्लारा व्हॅन्गार्ड’ आर्थिक अडचणींमुळे मैदानात उतरले नव्हते. हे सात वेळचे विजेते. शेवटचे विजेतेपद २०१८ चे. ते २०२४ मध्ये परतले, कॅडेट्स परतले नाहीत. अव्वल पथकांची ही गत असेल, तर हा सगळा प्रकार चालतो तरी कशावर?

ड्रम कोअर म्हणजे नेमके काय?

ट्रम्पेट-ट्यूबासारखी पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे-रायफली फिरवत नाचणारा ‘कलर गार्ड’ असा दीडशेहून अधिक मुलामुलींचा ताफा फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करतो. सनई-बासरीच्या कुळातली वाद्ये यात नसतात. बहुतेक सदस्य सोळा ते एकवीस वर्षांचे, शाळा-महाविद्यालयांच्या बँडमध्ये तयार झालेले. मे महिन्यात सराव शिबिर सुरू होते, जूनच्या अखेरीस दौरा निघतो आणि ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये अंतिम स्पर्धा होते. स्पर्धा भरवणारी ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ (डीसीआय) ही ना-नफा संस्था आहे आणि बहुतेक कोअरही ना-नफा तत्त्वावरच चालतात.

आपल्याकडच्या वाचकाला चटकन पुण्याची ढोल-ताशा पथके आठवतील. साम्य आहेच : तरुण सदस्य, महिनोन्महिने सराव, वाजवण्याचे पैसे न घेणे. पण पथकातला वादक सराव संपला की घरी जेवायला जातो. कोअरचा वादक उन्हाळाभर घरी जात नाही. खर्चाची खरी गोम तिथेच आहे.

पैसा जातो कुठे?

दीडशे वादक आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षक, चालक, स्वयंपाकी, स्वयंसेवक मिळून दोनशेच्या आसपास माणसे होतात. दिवसाला दहा-बारा तास उन्हात सराव असल्याने चार वेळा जेवण द्यावे लागते. म्हणजे रोज आठशे ताटे, तीही मालट्रकमध्ये बसवलेल्या स्वयंपाकघरातून. झोपायला हॉटेल नाही. वाटेतल्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरूण टाकायचे. काटकसर म्हणावी तर ही एवढीच. बाकी पाच-सहा बस, वाद्ये व नेपथ्याचे मोठे ट्रक आणि हजारो मैलांचा प्रवास. मोठ्या कोअरचा वर्षाचा खर्च त्यामुळे दहा लाख डॉलरच्या बराच पुढे जातो.

यातला बराच खर्च कोअरच्या हातात नसतो. २०२० चा हंगाम करोनामुळे रद्द झाला, २०२१ मध्ये स्पर्धेविना छोटा हंगाम झाला आणि २०२२ मध्ये पूर्ण दौरा पुन्हा सुरू झाला, तेव्हा अमेरिकेत डिझेल गॅलनमागे पाच डॉलरच्या वर गेले होते. बसचालकांचाही तुटवडा होता.

अर्थशास्त्रात याला जुने स्पष्टीकरण आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावरील पुस्तकात दाखवून दिले, की कारखान्यात यंत्रे आली की माणशी उत्पादन वाढते. पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांनंतरही चौघांनीच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. बाहेर मजुरी आणि किमती वाढत राहतात, कलेची ‘उत्पादकता’ मात्र जागीच. ड्रम कोअर हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे. दीडशे जणांचे बारा मिनिटांचे काम पन्नास जणांकडून सहा मिनिटांत करून घेता येत नाही.

पण सगळा दोष बॉमोलच्या माथी मारणे सोयीचे होईल. खर्चाचा एक भाग कोअरनी स्वतःच वाढवून घेतला आहे. २००० पासून पितळी वाद्यांच्या स्वरपट्टीवरचे बंधन उठले, २००४ मध्ये ध्वनिवर्धकांना आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली. पुढे मैदानावर भलेमोठे रंगमंच, जिने, चौकटी आल्या. त्यासाठी जादा ट्रक आला, तंत्रज्ञ आला. लोकप्रिय संगीत वापरायचे आणि त्याचे चित्रीकरण दाखवायचे, तर हक्कांचे पैसे वेगळे. परीक्षकांच्या गुणांवर सगळे अवलंबून असताना ‘यंदा आम्ही साधेपणाने करू’ असे एकटा कोण म्हणणार? चांगले वादक लगेच दुसऱ्या कोअरकडे जातील.

मग येतो कुठून?

तिकिटांतून पुरेसा येत नाही. स्पर्धांचे मानधन डीसीआयकडून मिळते, पण त्यातून दौऱ्याचा एक भागच निघतो. वाद्यनिर्मात्या कंपन्यांकडून सवलतीत घेतलेली वाद्ये हंगामानंतर शाळांना विकणे, टी-शर्ट, देणग्या, माजी सदस्यांची मदत असे तुकडे जोडले जातात.

काही कोअरना खरा आधार दिला तो बिंगोने. हा म्हणजे आपला हाउजी. कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थांना बिंगो चालवता येतो आणि कॉनकॉर्डच्या ‘ब्लू डेव्हिल्स’ने तसेच सांता क्लाराने त्यावर वर्षानुवर्षे संस्था उभ्या केल्या. ब्लू डेव्हिल्सच्या वीसहून अधिक विजेतेपदांमागे गुणवत्ता आहेच, पण आठवड्यामागून आठवडे बिंगोच्या टेबलांवर राबणारे स्वयंसेवकही आहेत. करोनात हे हॉल बंद झाले, तेव्हा या उत्पन्नाचा ठिसूळपणाही दिसला.

दुसरा मार्ग एकाच धनिकाचा. वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगातून श्रीमंत झालेले बिल कुक यांनी १९८५ मध्ये ‘स्टार ऑफ इंडियाना’ मैदानात उतरवले. पैशाची चिंता नसलेले हे कोअर १९९१ मध्ये विजेते ठरले आणि १९९३ नंतर स्पर्धेतून बाहेर पडले. त्यातूनच उभा राहिलेला ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय कार्यक्रम ब्रॉडवेवर पोहोचला आणि २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. व्यावसायिक यश मिळाले, पण ते ड्रम कोअर राहिले नाही.

उरतो तो सर्वांत खात्रीचा स्रोत : मुलांचे पालक. आघाडीच्या कोअरमध्ये एका उन्हाळ्याचे सदस्य शुल्क आज पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा वर आहे, म्हणजे चार लाख रुपयांहून जास्त. दीडशे सदस्यांचे मिळून साडेसात लाख डॉलर होतात. शिवाय घरापासून शिबिरापर्यंतचा प्रवास स्वतःचा आणि उन्हाळी नोकरीची कमाईही बुडते. अनेक अमेरिकी विद्यार्थी या कमाईतून कॉलेजचा काही खर्च भागवतात.

इथे काय हरवते आहे, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि मोहल्ल्यातील क्लब यांनी ही पथके उभी केली. कामगार वस्तीतल्या मुलांना रस्त्यावर भटकण्याऐवजी बिगुल हाती द्यावा, हा हेतू. अशी शेकडो पथके होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी, नियम आणि मानधन संघटनांनी ठरवावे हे न पटल्याने आघाडीच्या कोअरनी डीसीआय काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्पर्धा राष्ट्रीय झाली, दौरे लांबले, दर्जा थक्क करणारा झाला. पण दौरा न झेपणारी स्थानिक पथके एकामागून एक मिटली. आज सर्वोच्च गटात वीसच्या आसपास कोअर उरली आहेत, आणि त्यात मुलगा कोणत्या वस्तीतला यापेक्षा शुल्क भरू शकतो का, हे आधी ठरते. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यासाठीही पैसा त्याच देणग्यांतून काढावा लागतो.

मोठ्यांना जास्त वाटा द्यावा का?

२०१० मध्ये सात बड्या कोअरनी डीसीआयपुढे तसा प्रस्ताव ठेवला होता. प्रेक्षक आमच्यासाठी येतात, तेव्हा मानधनात आणि निर्णयात आमचे वजन जास्त हवे, असा त्यांचा युक्तिवाद. इतर सदस्यांनी तो फेटाळला. तडजोड म्हणून बड्या कोअरचे काही खास कार्यक्रम सुरू झाले. या सातांत कॅडेट्स आणि सांता क्लारा दोन्ही होते, हे आज लक्षात घेण्याजोगे आहे. वाटा वाढून त्यांचे पुढचे संकट टळले असते, असे मानायला फारसा आधार नाही. कॅडेट्सच्या बाबतीत तर कारण वेगळेच होते : १९८० च्या दशकातील कथित लैंगिक अत्याचाराबद्दल माजी सदस्याने केलेला दावा आणि त्याचा कायदेशीर खर्च. त्याला दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही. महिनोन्महिने मुले ताब्यात घेणाऱ्या संस्थेला सुरक्षेची व्यवस्था, विमा आणि शिल्लक गंगाजळी या तिन्ही गोष्टी लागतात. हंगामापुरता जेमतेम पैसा जमवणाऱ्या संस्थेत नेमके यांवरच आधी पाणी सोडले जाते.

पुढे काय?

एक पर्याय आधीच अस्तित्वात आहे. वयोमर्यादा नसलेली, शनिवार-रविवारी सराव करणारी आणि जवळपासच्या स्पर्धांनाच जाणारी कोअर २०२४ पासून डीसीआयच्या ‘ऑल एज’ गटात आली आहेत. त्यांचे शुल्क उन्हाळी दौऱ्याच्या मानाने खूपच कमी असते. उन्हाळी कोअरनाही दौरा दोन-तीन आठवड्यांनी आखडता घेता येईल, सुरुवातीचे सामने आपल्याच भागात ठेवता येतील, नेपथ्याच्या ट्रकवर मर्यादा घालता येईल. मात्र हे एकेकट्या कोअरने करून भागणार नाही. नियम सर्वांना सारखा लागू झाला, तरच कोणी मागे पडणार नाही, आणि तो नियम सदस्य कोअरच्याच मतांनी ठरतो. विजेतेपदाच्या शर्यतीतले संचालक मोठ्या ट्रकविरुद्ध मत देतील का, हा अडचणीचा प्रश्न आहे.

दरम्यान, हिवाळ्यात पुढच्या हंगामाच्या निवड चाचण्या आणि शिबिरे सुरू होतात. त्यांचेही शुल्क बहुधा वेगळे भरावे लागते. निवड झाली नाही, तरी.