शेवटचे चार आकडे



शिष्यवृत्तीचा अर्ज असो की बँकेतलं खातं, आधार कार्डाची झेरॉक्स अनेकदा मागितली जाते. देशातलं पहिलं आधार कुठं दिलं गेलं, ठाऊक आहे का? आपल्याच महाराष्ट्रात! नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

आधारचा क्रमांक १२ आकड्यांचा असतो. पण याच कार्डाचा एक झाकलेला नमुनाही मिळतो. त्यावर पहिल्या ८ आकड्यांच्या जागी फुल्या आणि फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. त्याला 'मास्क्ड आधार' म्हणतात. मास्क म्हणजे मुखवटा!

सगळेच आकडे का नाही झाकले? कारण कार्ड कुणाचं, हे ताडून पाहता आलं पाहिजे. ज्याच्याकडे पूर्ण क्रमांक आहे, त्याला ४ आकड्यांवरून खूण पटते. ज्याच्याकडे नाही, त्याला बाकीच्या ८ जागांसाठी १० कोटी जोड्यांचा विचार करावा लागेल. बसा म्हणावं मोजत!

संगणक हे कसं करतो? अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या रांगेला त्याच्या भाषेत 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला मण्यांची माळ म्हणू. या माळेसाठी संगणकाकडे तीन कारागीर आहेत. 'लेन' मणी मोजतो. 'राइट' उजवीकडचे हवे तेवढे मणी उचलून देतो. 'रेप्ट' एकच मणी सांगाल तितक्या वेळा ओवतो.

आता रकान्यात १२३४५६७८९०१२ हा क्रमांक आहे असं समजा. (घाबरू नका, हा कुणाचाच नाही. खरा आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरूच होत नाही!) लेन सांगतो १२. त्यातून ४ वजा केले, उरले ८. रेप्टने ८ फुल्या ओवल्या. राइटने ९०१२ दिले. दोन्ही जोडले की झालं काम! मोबाइलचा क्रमांक १० आकडी असतो. तिथं हाच हिशोब आपोआप ६ फुल्या घालतो. म्हणून तर मणी आधी मोजायचे.

मराठीत मात्र एक गंमत होते. 'लेफ्ट' नावाचा चौथा कारागीर डावीकडचे मणी देतो. त्याला 'पैठण'चा पहिला मणी मागा. तो 'पै' देत नाही, नुसता 'प' देतो! संगणकाला प आणि त्यावरच्या दोन मात्रा हे वेगवेगळे मणी वाटतात. आपल्याला पैठणमध्ये ३ अक्षरं दिसतात, लेन मात्र ४ मोजतो. म्हणून मराठी नावं झाकताना जपून, नाहीतर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे!

आता खरी सावध व्हायची गोष्ट. समजा, एका यादीत पहिले ८ आकडे झाकले आणि दुसऱ्या यादीत शेवटचे ८. दोन्ही याद्या एकाच्याच हाती पडल्या तर? पहिले ४ मिळाले, शेवटचे ४ मिळाले. उरले फक्त मधले ४. म्हणजे १० कोटींवरून एकदम १० हजार जोड्या! संगणक त्या डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मोजून टाकील. म्हणून झाकायची जागा सगळीकडे एकच हवी.

आणखी एक. काही जण रकान्यातले आकडे पांढऱ्या रंगाचे करतात आणि म्हणतात, झाकले! ते झाकणं नव्हे. रंग बदलला की आकडे पुन्हा हजर. फुल्यांची नवी प्रत करावी, तीच बाहेर द्यावी आणि मूळ यादी कुलपात ठेवावी.

पालकांनाही एक विनंती. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलांची यादी आली, तर त्यात पूर्ण आधार क्रमांक आहेत का, ते जरूर पाहा. असतील तर ती पुढं न पाठवता गुरुजींना किंवा बाईंना सांगा. भारतात २०२३ साली माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात मुलांच्या माहितीसाठी वेगळी तरतूद आहे. पण कायद्याच्या आधी आपली काळजी, नाही का?

डोकं चालवा : 'ज्ञानेश्वर' या नावात आपल्याला ४ अक्षरं दिसतात. लेन किती मणी मोजेल? (पाय मोडण्याचं चिन्हही वेगळा मणी, बरं का!)

उत्तर : १०. ज, पायमोडकं चिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोडकं चिन्ह, व, र.